एनबीआयचं बटण दाबण्याआधी

एंडोस्कोपी शिकायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एनबीआयमध्ये (नॅरो बँड इमेजिंग, म्हणजे पांढऱ्याऐवजी फक्त निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या अरुंद पट्ट्यांत बघणं) रंग असे वेगळे का दिसतात हे विचारलंस, फार बरं वाटलं. सध्या एवढंच धर.

रक्तातलं हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश जोरात शोषतं. निळा अस्तराच्या वरच्या थरातच थांबतो, म्हणून तिथल्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात. हिरवा जरा खोल जातो. तिथल्या जाड शिरा निळसर-हिरव्या उमटतात. एनबीआय म्हणजे मुळात एवढंच.

नवखे चुकतात ते इथे:

- स्कोप जठरात शिरताच एनबीआय लावतात. जठराची पोकळी मोठी, हा प्रकाश कमी पडतो आणि लांबचं सगळं अंधारतं. आधी पांढऱ्या प्रकाशात पूर्ण जठर बघ. शंका आली की जवळ जा, मग बटण दाब.
- धुवायचा कंटाळा करतात. फेस आणि चिकट स्राव असेल तर कुठलाच रंग कामाचा नाही. तपासणीआधी सिमेथिकॉन (फेस मोडणारं औषध) दे.
- पित्त एनबीआयमध्ये लाल दिसतं, ते रक्त समजू नकोस. खरं रक्त काळपट दिसतं.

डाग दिसला तर त्याची कड शोध. कडेच्या आत-बाहेर केशवाहिन्यांची नक्षी बदलत असेल, तर लगेच सीनियरला हाक मार. डागांची वर्गीकरणं आणि बीएलआय, एलसीआय हे प्रकाशाचे दुसरे प्रकार नंतर बघू.

तोवर रोज निरोगी जठरं बघ. मधल्या भागात केशवाहिन्यांचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं, खाली अँट्रममध्ये (जठराच्या शेवटच्या भागात) त्यांचीच वेटोळी. हे नजरेत बसलं की बिघडलेलं आपोआप खटकायला लागतं.