‘परक्यांपुढे रडून काय होणार?’

प्रश्न : ताई, आम्ही साताऱ्याकडचे. मिस्टरांच्या जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता शेक (रेडिएशन) चालू आहेत. नाकातून नळी आहे. परळला धर्मशाळेत राहतोय. हॉस्पिटलातल्या मॅडम पेशंट-नातेवाइकांच्या गटाला बोलावतात. हे मान फिरवतात. मलाही वाटतं, परक्यांपुढे रडून आजार थोडाच जाणार? उलट दुसऱ्यांचं ऐकून खचायला व्हायचं. जावं का?

उत्तर : आजार जाणार नाही, हे तुमचं खरंच आहे. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ बायकांपैकी ज्या गटात बसत होत्या, त्या जास्त जगल्या असं त्यात दिसलं. केवढा गाजावाजा झाला! पुढे कॅनडात २३५ जणींवर तेच तपासलं, तो अहवाल २००१ साली आला. आयुष्य काही वाढलेलं दिसलं नाही. पण मन हलकं झालं, दुखणंही कमी जाणवलं; आधीच फार खचलेल्या बायकांना तर जास्तच. मी परळमध्येच समाजसेविकेची नोकरी केली, असे गटही चालवले. माझ्या मते एवढं मिळालं तरी जावं.

आणि तिथे सारखी रडारड चालते, हे कुणी सांगितलं तुम्हाला? अर्धा वेळ नळीवरच बोलणं होतं! नाचणीची पेज गाळणीतून गाळली तरी नळी तुंबते, फडक्यातून गाळा. भरवून झालं की लगेच सिरिंजने पाणी सोडा. सिस्टरही हेच सांगतात, पण ओपीडीच्या गर्दीत निम्मं कानावरून जातं. शेजारची बाई सांगते तेव्हा लक्षात राहतं. मग तीच हळूच म्हणते, “कधीकधी मला यांचा भयंकर राग येतो हो.” हे सासरी बोलता येत नाही, माहेरी तर त्याहून नाही.

मिस्टरांना ओढू नका. बोलणं अस्पष्ट झालेला माणूस चारचौघांत जायला लाजतो. मॅडमना विचारा, तोंडाचं ऑपरेशन होऊन बरी झालेली एखादी व्यक्ती भेटेल का. एक काका आमच्याकडे येत. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून दाखवायचे. जबडा आखडू नये म्हणून फिजिओथेरपिस्ट हा व्यायाम देतात, रोज एखादी काडी वाढवत. ते पाहून गप्प बसलेले पुरुषही खिशातून काड्या काढत. (काड्या किती नि कधी, ते मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच.)

खचण्याचं म्हणाल, तर गटातलं कुणी दगावतं तेव्हा त्रास होतो. नाही कसं म्हणू? म्हणून गट जाणतं माणूस चालवतंय ना, एवढं पाहा. कुणी चूर्णाच्या पुड्या विकायला लागलं किंवा शेक थांबवा म्हणालं, तर तिथून सरळ उठा.

पहिल्यांदा एकट्याच जा. यांना भरवायची वेळ सांभाळून, धर्मशाळेतल्या कुणाला तासभर बसायला सांगा. बोलायलाच हवं असं नाही, नुसतं नाव सांगितलं तरी चालतं. साताऱ्याला परतण्याआधी दोघीतिघींचे फोन नंबर तेवढे घेऊन ठेवा.