रिपोर्टमधे 'पी५३ पॉझिटिव्ह' आलंय, हे चांगलं की वाईट?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमचा ब्रुनो, बॉक्सर जातीचा कुत्रा, साडेआठ वर्षांचा. पहाटे अचानक फिट आली, त्याआधी आयुष्यात कधीच नाही. एमआरआयमधे मेंदूच्या पुढच्या भागात गाठ दिसली, बायोप्सीत ग्लायोमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ) निघाला. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आहे, 'पी५३ पॉझिटिव्ह, बहुतेक पेशींत ठळक'. मी वाचलं की पी५३ हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन असतं, म्हणून आम्हाला जरा हायसं वाटलं, की चला रोखणारं तरी भरपूर आहे. पण आमचे व्हेट ती ओळ वाचून खूश दिसले नाहीत. का?
– ब्रुनोची आई

उत्तर: ताई, तुम्ही लावलेला हिशोब कुणीही तसाच लावेल, पण इथे तो उलटा पडतो. आणि वाईट वाटून घेऊ नका, कारण हीच गल्लत मोठमोठ्या शास्त्रज्ञांची दहा वर्षं झाली होती. पी५३ सापडलं १९७९ साली, गाठींच्या पेशींत ते ढिगाने दिसायचं म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की हेच कॅन्सर करतं, आणि मग १९८९च्या सुमारास कळलं की अरे, आपण इतकी वर्षं ज्याच्यावर प्रयोग करत होतो ते बिघडलेलं पी५३ होतं, धडधाकट पी५३ तर पेशीला थांबवतं!

आता हे काम कसं करतं ते बघा. पेशीच्या डीएनएला मार बसला की पी५३ पी२१ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला कामाला लावतं आणि पेशीचं विभाजन थांबतं. दुरुस्ती झाली तर ठीक, नाहीतर पेशीला मरायला लावतं. पण एवढा कडक माणूस रोज घरात कोण ठेवणार, म्हणून एरवी पेशी त्याला टिकूच देत नाही. एमडीएम२ नावाचं प्रोटीन त्याला पकडतं आणि मोडीत काढतं, इतक्या झटपट की नॉर्मल पेशीत तयार झालेल्या पी५३पैकी निम्मं साधारण वीसेक मिनिटांत संपलेलं असतं. गंमत म्हणजे हे एमडीएम२ बनवायची ऑर्डरसुद्धा पी५३च देतं. म्हणजे पी५३चा जीन बिघडला की ती ऑर्डर नीट जात नाही, मोडीत काढणारा कमी पडतो, आणि बिघडलेलं पी५३ साचत जातं. कामावर जाणारा माणूस दिवसा घरी सापडत नाही, दिवसभर घरात लोळताना दिसतो तो बिनकामाचा, तसंच हे. वर पी५३ चौघं मिळून काम करतं, त्या चौकडीत बिघडलेलं शिरलं की बाकीच्यांचंही काम बोंबलू शकतं.

रिपोर्टमधली ती ओळ येते कुठून, तेही सांगते. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमधे ठेवून मेणात बसवतात, त्याचे चारेक मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापून काचपट्टीवर घेतात, पी५३ला चिकटणारी अँटीबॉडी टाकतात आणि जिथे ती चिकटली तिथे तपकिरी रंग उठतो, बाकीची पेशीकेंद्रं निळी राहतात. साधारणपणे पट्टीभर निळे ठिपके आणि मधे एखादाच फिकट तपकिरी असं दिसतं. तुमच्या रिपोर्टमधलं 'बहुतेक पेशींत ठळक' म्हणजे पट्टी जवळजवळ सगळी चॉकलेटी. ते बघून मलाही आनंद होत नाही, तुमच्या व्हेटचा चेहरा का पडला ते लक्षात आलं ना?

पण थांबा, लगेच दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. तपकिरी रंग फक्त एवढंच सांगतो की प्रोटीन तिथे आहे, ते चालू आहे की बंद हे सांगत नाही. डीएनएला खरोखर मार बसलेला असेल तर चांगलं पी५३सुद्धा साचतं. जीन बिघडलाय का हे बघायचं तर सिक्वेन्सिंगच (जीनची अक्षरं एकेक वाचून तपासणं) करावं लागतं, आणि कुत्र्यांच्या ग्लायोमामधे पी५३चा जीन थेट बिघडलेला सापडणं माणसाच्या मानाने बरंच कमी आहे. माणसाच्या ग्लायोब्लास्टोमात (ग्लायोमाचाच सगळ्यात आक्रमक प्रकार) साधारण तीनात एकाला हा बिघाड असतो. कुत्र्यांत गाठ बऱ्याचदा दुसऱ्या वाटेने जाते, वाढ करवणारा पीडीजीएफआरए नावाचा जीन जोरात चालतो, किंवा आरबी आणि पी१६ ही दुसरी थांबवणारी प्रोटीनं गायब होतात. आणखी एक भानगड. कुत्र्याचं पी५३ ३८१ अमिनो आम्लांचं, माणसाचं ३९३ चं, आणि लॅबमधली अँटीबॉडी बहुतेक वेळा माणसासाठी बनवलेली असते. काही अँटीबॉडी कुत्र्याचं प्रोटीन ओळखतात, काही ओळखतच नाहीत, म्हणून लॅबला एकच विचारा, 'कुत्र्याच्या टिश्यूवर कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेला नमुना) लावून तपासली होती का?' याचं उत्तर गुळमुळीत आलं तर ती ओळ विसरून जा.

आणि ब्रुनोला अजून किती दिवस आहेत ते या एका ओळीवरून काढू नका. गाठ कुठे आहे, किती मोठी, आसपास सूज किती, औषधाने फिट आटोक्यात येते का, यावर त्याचं रोजचं जगणं जास्त अवलंबून आहे. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ बरेच दिवस गुपचूप वाढते, कुत्रा खातो-पितो, चालतो, आणि पहिली खूण थेट फिटचीच मिळते. त्यामुळे 'आम्हाला आधी कळायला हवं होतं' हे मनातून काढून टाका, प्लीज.

प्रश्न: ब्रुनोसारखीच केस आमच्याकडे झाली, आमच्या बॉक्सरची सख्खी बहीण मित्राच्या घरी आहे. तिलाही होणार का? हे रक्तातून येतं का?
– एक वाचक

उत्तर: बहुतेक वेळा हा बिघाड त्या एका कुत्र्याच्या मेंदूतल्या एका पेशीत होतो, तो पिल्लांत किंवा भावंडांत उतरत नाही. प्रत्येक पेशीत थांबवणाऱ्या जीनच्या दोन प्रती असतात, आईकडून एक आणि बापाकडून एक, आणि बऱ्याच जीनच्या बाबतीत दोन्ही जाव्या लागतात. हा दोन फटक्यांचा विचार नड्सन यांनी १९७१ मधे मुलांच्या डोळ्यातल्या गाठीवरून मांडला. पण जातीचा धोका मात्र आहे. बॉक्सर, बोस्टन टेरिअर, फ्रेंच बुलडॉग या चपट्या तोंडाच्या जातींत ग्लायोमा जास्त दिसतो, आणि २०१६ मधे कुत्र्याच्या २६व्या गुणसूत्रावर या धोक्याशी जोडलेला एक भाग सापडला. (२००५ मधे कुत्र्याचा संपूर्ण जीनोम छापून आला तोसुद्धा एका बॉक्सरचाच, टाशा नाव तिचं.) बहिणीला उगाच एमआरआयला नेऊ नका, त्यासाठी भूल द्यावी लागते. सहा-सात वर्षांनंतर पहिलीच फिट आली, उगाच गोल गोल फिरायला लागली, भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

प्रश्न: आमच्या गोल्डनला मेनिंजिओमा आहे, पण रिपोर्टमधे पी५३चं नावच नाही. लॅबने चुकवलं का?

उत्तर: नाही. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून उगवतो, मेंदूला बाहेरून दाबतो, आणि कुत्र्यांत मेंदूतल्याच गाठींपैकी सगळ्यात जास्त हाच सापडतो. माणसाच्या मेनिंजिओमात मुख्य भानगड मर्लिन नावाच्या प्रोटीनची असते. शेजारची पेशी टेकली की 'बास, आता वाढू नकोस' हा निरोप ते पोचवतं. कुत्र्यांत हे चित्र इतकं सरळ नाहीये. तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न एकच, गाठ काढता येण्यासारख्या जागी आहे का. ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर वर्षभर किंवा त्याहूनही जास्त मजेत राहिलेले कुत्रे आहेत.

प्रश्न: 'पी५३ वाढवणारी' पावडर मिळते, ती द्यावी का?

उत्तर: नको. प्रोटीन तोंडावाटे दिलं की पोटात पचतं, ते मेंदूतल्या पेशीकेंद्रापर्यंत जात नाही. आणि 'वाढवून' काय करणार, बिघडलेलं असेल तर ते आधीच ढिगाने आहे ना! चीनमधे २००३ साली माणसाच्या डोके-मानेच्या कॅन्सरसाठी पी५३चा चांगला जीन व्हायरसमधून सोडायचं इंजेक्शन मंजूर झालं, पण ते थेट गाठीत टोचायचं औषध आहे, डब्यातली पावडर नाही. त्या पैशात फेनोबार्बिटलची (फिट रोखणारं औषध) रक्ततपासणी वेळेवर करून घ्या. सूज उतरवायला प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नका, आणि त्याच्या जोडीला घरातली माणसांची पेनकिलर अजिबात देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर तोंडात हात-बित न घालता सरळ गाडीत घाला आणि निघा.