वाचकांचे प्रश्न : आरोग्य योजनेचे आकडे आणि दारातून परतलेला रुग्ण

प्रश्न : आमच्या चाळीतील काही तरुण आयुष्मान भारत योजनेचा सार्वजनिक डॅशबोर्ड नियमाने पाहतात. किती कार्डे निघाली, किती रुग्णांच्या उपचारांना मंजुरी मिळाली, किती रुग्णालये अंगीकृत झाली, म्हणजे योजनेत घेतली गेली, हे आकडे तेथे दिसतात आणि ते सतत वाढतच असतात. परंतु गेल्या पावसाळ्यात जाऊबाईंच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी आम्ही एका अंगीकृत रुग्णालयात गेलो, तेव्हा ‘योजनेतली खाट रिकामी नाही’ असे तोंडी सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. मग या डॅशबोर्डचा आमच्यासारख्यांना उपयोग तो काय?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आपल्या जाऊबाईंची त्या दिवशी कोठेही नोंद झाली नाही, हीच या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. योजनेची संगणकीय नोंद सुरू होते ती आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाने, शिधापत्रिका आणि ओळखपत्र तपासून रुग्णाचे नाव घातल्यानंतर. पुढे पूर्वमान्यता, उपचार, रुग्णाला घरी सोडणे, रुग्णालयाचा दावा आणि त्याची रक्कम अशी साखळी तयार होते, आणि डॅशबोर्ड या साखळीतल्या काही कड्या मोजतो. नोंदणीच्या खिडकीपर्यंतही जो पोहोचला नाही, तो आकड्यांच्या दृष्टीने आजारी पडलेलाच नसतो. त्यामुळे नकार जितके अधिक तितका डॅशबोर्ड वाईट दिसेल, असे मुळीच घडत नाही.

मुंबईकरांनी याच्या उलट अनुभव २०२० मध्ये घेतला आहे. करोनाच्या काळात महापालिका २४ प्रशासकीय विभागांनुसार रुग्णवाढीचा वेग आणि रुग्ण दुप्पट होण्याचा कालावधी प्रसिद्ध करीत असे, आणि मोकळ्या खाटांचा हिशेबही लोकांपुढे असे. त्या आकड्यांवर वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. पण खाट आहे की नाही, हा प्रश्न केवळ दारावरच्या माणसाच्या तोंडी उत्तरावर सोडलेला नव्हता. अंगीकृत रुग्णालयातील योजनेसाठीच्या खाटा आणि त्यांपैकी त्या दिवशी मोकळ्या असलेल्या खाटा रोज जाहीर होऊ लागल्या, तर आपल्याला मिळालेले उत्तर तेथल्या तेथे पडताळता येईल.

कार्डांच्या संख्येविषयी मला फारसे कौतुक नाही. महाराष्ट्रात २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने, राज्यात आयुष्मान भारतला जोडून राबवल्या जाणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंत वाढवून ते पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही लागू करण्याचे ठरले, म्हणजे पात्रतेचे दार जवळजवळ सर्वांसाठी उघडले. अशा स्थितीत कार्ड हातात असणे ही प्रगती नव्हे. ते दाखवल्यानंतर काय घडते, ते मोजले पाहिजे.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक फसगत होते, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे आपण रोज पाहत असाल. त्यांतील कितीतरी खानदेशातून, मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली असतात. उपचारांची संख्या रुग्णालयाच्या जिल्ह्यानुसार मांडली की ही सगळी माणसे मुंबईच्या खात्यात जमा होतात, मुंबई कार्यक्षम ठरते आणि नंदुरबारचा आकडा इतका लहान दिसतो की तेथे गरजच कमी असावी, असा समज होतो. तेच आकडे रुग्णाच्या राहत्या जिल्ह्यानुसार आणि दर लाख लोकसंख्येमागे मांडले, तर कोणत्या जिल्ह्यातील माणसाला कोणत्या आजारासाठी किती दूर जावे लागते, हे एका नकाशात कळेल. आणि नवी रुग्णालये कोठे अंगीकृत करायची, हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही. ही माहिती गोळा करण्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, कारण रुग्णाचा पत्ता नोंदणीतच असतो. फक्त मांडणी बदलायची आहे.

आता आपल्या हातातले सांगतो. पुन्हा असा नकार मिळाला तर प्रथम रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे, आणि तेथे काम झाले नाही तर राज्य योजनेच्या १५५३८८ किंवा आयुष्मान भारतच्या १४५५५ या क्रमांकावर तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. तक्रार नोंदवणे म्हणजे केवळ गाऱ्हाणे मांडणे नव्हे. परत पाठवलेला रुग्ण आकड्यांत येण्याची आजमितीस तेवढीच एक वाट आहे.

प्रश्न : मी पदवीला संख्याशास्त्र शिकते. अशा आकड्यांतून गैरव्यवहार खरोखर पकडता येतो का, की ते काम लेखापरीक्षकांचेच आहे?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : दोघांचेही आहे, मात्र एकूण बेरजेतून काहीच पकडता येत नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारतचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. लाभार्थ्याच्या पडताळणीत मोबाइल क्रमांकाची भूमिका नाही, असे स्पष्टीकरण सरकारने दिले आणि ते विचारात घ्यायला हवे. तरीही ज्याच्यापर्यंत चौकशीचा फोन जाऊच शकत नाही, त्याला उपचार मिळाले का, पैसे मागितले गेले का, हे विचारणार कसे? ‘वैध आणि वेगळा संपर्क क्रमांक असलेले लाभार्थी किती टक्के’ असा साधा रकाना जाहीर असता, तर हा दोष कोणालाही दिसला असता.

आपल्याला सरावासाठी दोन गोष्टी सुचवतो. उपचारांची संख्या आणि रुग्णांची संख्या वेगळी ठेवावी : आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणारा एकच माणूस, प्रत्येक वेळेचा दावा स्वतंत्र असेल तेथे, वर्षात १०४ उपचार म्हणून मोजला जातो. दुसरे, दाव्यांचे पैसे मिळायला लागणाऱ्या दिवसांची सरासरी न पाहता दहावीच्या पुस्तकातला मध्यक पाहावा आणि त्याच्या जोडीला मुदतीनंतर दिलेल्या दाव्यांचे प्रमाण. आयुष्मान भारतमध्ये राज्यांतर्गत दाव्यांसाठी १५ दिवसांची मुदत आहे. रक्कम अडकली की रुग्णालय योजनेतील रुग्ण टाळू लागते, आणि लालबागच्या वाचकांना मिळालेल्या उत्तरामागचे एक कारण तेथेही असू शकते.

रुग्णालयनिहाय आणि शस्त्रक्रियानिहाय तुलना हे आणखी धारदार हत्यार आहे. २०१२ मध्ये छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याचे प्रकरण गाजले. एखाद्या खासगी रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचे प्रमाण शेजारच्या रुग्णालयांच्या कितीतरी पट असेल, तर तो पुरावा ठरत नाही, कारण तेथे त्या विषयाचा नामांकित डॉक्टर असू शकतो. परंतु कागदपत्रे आधी कोणाची तपासायची, याचे उत्तर त्यातून मिळते.

प्रश्न : इतके तपशील जाहीर झाले तर माझा आजार शेजाऱ्यांना कळणार नाही का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : निष्काळजीपणा झाला तर कळेल. नाव आणि पत्ता काढून टाकणे पुरेसे नसते. एखाद्या तालुक्यात विशिष्ट वयाचा, विशिष्ट आजाराचा एकच रुग्ण असेल, तर गावाला तो ओळखता येतो. म्हणून अगदी लहान संख्या असलेला रकाना झाकायचा, किंवा शेजारच्या तालुक्याबरोबर एकत्र करायचा, ही रीत पाळली पाहिजे. रुग्णालयाचे नाव मात्र झाकण्याचे कारण नाही, कारण सार्वजनिक पैशातून दावे घेणाऱ्या संस्थेचे व्यवहार हा कोणाचा खासगी आजार नसतो.