वडील ७२ वर्षांचे, नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज चालतात. मग योगासनं कशाला?

चालणं उत्तमच, ते सोडू देऊ नका. पण नुसत्या चालण्याने तोल आणि मांड्यांची ताकद पुरेशी टिकत नाही, आणि या वयात घात होतो तो पडण्याने. जागतिक आरोग्य संघटना ६५ नंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय तीन दिवस तोल-ताकदीचा. त्यासाठी स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकवून वृक्षासन (एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल मांडीला टेकवणं) करू द्या. पाऊल मांडीपर्यंत चढत नसेल तर घोट्याशी टेकवलं तरी चालतं. हातांचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, श्वास न रोखता. काचबिंदू किंवा बीपी असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नकोच. पांडवलेणीच्या डोंगराच्या पायऱ्या गुडघे कुरकुरत नसतील तरच, आणि उतरताना अजिबात घाई नको.