'अनुदान जाहीर' आणि 'अनुदानाचा जाहीर हिशेब'

लातूर जिल्ह्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारले आहे : "आमच्या ग्रामपंचायतीला वर्षभरात शासनाकडून काय मिळाले आणि गावाने स्वतः काय घातले, याचा फलक आम्हांला कार्यालयाबाहेर लावायचा आहे. हाती आलेल्या नमुन्यावर 'शासकीय अनुदाने व अंशदाने यांचे सार्वजनिक प्रकटीकरण' असे शीर्षक आहे. ते गावात कोणाला कळणार नाही, म्हणून आम्ही 'अनुदान जाहीर' असे लिहावे म्हणतो. ते बरोबर होईल का? आणि अनुदान व अंशदान यांत फरक काय?"

शीर्षक बदलण्याचा आपला विचार मला पूर्णपणे पटतो. मात्र 'अनुदान जाहीर' असे लिहू नये, कारण त्याचा अर्थ आपल्या मनातल्या अर्थाच्या जवळजवळ उलट होतो. 'जाहीर' हा मुळात अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ 'दिसणारे, डोळ्यांसमोर असलेले'. मराठीत मात्र तो दोन वेगळ्या रीतींनी वागतो. नामाच्या आधी विशेषण म्हणून आला, की तो 'सर्वांसमक्ष' हा अर्थ सांभाळतो : जाहीर सभा, जाहीर लिलाव, जाहीर माफी. 'करणे' किंवा 'होणे' या क्रियापदांच्या जोडीने आला, की तो घोषणेचा शब्द होतो : निवडणूक जाहीर झाली, निकाल जाहीर झाला, अनुदान जाहीर झाले. शेवटच्या वाक्यात पैसा अजून कोणाच्याही हातात नाही. तो येणार असल्याचे कोणीतरी सांगितले आहे, इतकेच. आपल्याला तर आलेल्या आणि खर्ची पडलेल्या पैशांविषयी सांगायचे आहे.

हा भेद पुस्तकी नाही. अनुदानाच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा आपल्या भागातील शेतकरी वेगळ्या शब्दाने ओळखतो. अनुदान आधी 'जाहीर' होते, मग 'मंजूर' होते, मग वरून 'वितरित' होते, बँकेकडे 'वर्ग' होते आणि शेवटी खात्यावर 'पडते'. 'पडलं का?' या दोन शब्दांच्या प्रश्नाला कर्ता लागत नाही, इतका तो घरोघरचा आहे. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी तलाठी कार्यालयाच्या दारावर लागली असताना मी एकदा तिथे उभा होतो. एक वृद्ध गृहस्थ चिठ्ठीवर उतरवून आणलेला आपला विशिष्ट क्रमांक, म्हणजे यादीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला दिलेला वेगळा आकडा, शोधत होते. बोट ओळीवरून ओळीवर सरकत होते, मध्येच थांबत होते आणि पुन्हा वर जात होते. क्रमांक सापडल्यावर त्यांनी शेजाऱ्याला विचारले, "हे आलेलं हाय का येणारं हाय?" यादीच्या शीर्षकात 'जाहीर' हाच शब्द होता आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात खरोखरच नव्हते. आपल्या फलकापुढे उभ्या राहणाऱ्याला हा प्रश्न पडू नये, एवढ्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

'प्रकटीकरण' हा शब्द चुकीचा नाही. '-ईकरण' लागलेले शब्द 'जे तसे नव्हते ते तसे करणे' हा अर्थ दाखवतात : रुंदीकरण, विद्युतीकरण, डांबरीकरण. त्याच न्यायाने जे दिसत नव्हते ते दिसेल असे करणे म्हणजे प्रकटीकरण, आणि कायद्याच्या मसुद्यात तो नेमका आहे. त्याऐवजी सुचणारे इतर शब्द मात्र जपून वापरावेत. 'जाहीर प्रकटन' म्हटले, की वाचकाला वर्तमानपत्रातील जमीन खरेदीची आणि हरकती मागवणारी नोटीस आठवते. 'उघड करणे' हा प्रयोग 'उघडकीस आणणे'च्या सहवासामुळे गैरव्यवहाराकडे झुकतो. 'खुलासा' तर मुळीच नको. अलीकडे हिंदीच्या वळणाने 'मोठा खुलासा' असे मथळे दिसतात, पण मराठी कार्यालयात खुलासा मागवला जातो तो ज्याच्या कामात काही खोट दिसली आहे त्याच्याकडून.

आता अनुदान आणि अंशदान. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाच्या बाबींना क्रमांक असतात आणि त्यांत ३१ हा सहायक अनुदानांचा, ३२ हा अंशदानांचा आणि ३३ हा अर्थसहाय्याचा (सबसिडीचा) क्रमांक आहे. म्हणजे हे तिन्ही शब्द तिथे शेजारी बसतात, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. अंशदानात देणारा एका सामाईक निधीत आपला अंश घालतो आणि इतरांबरोबर तोही त्या कामात भागीदार असतो. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी जी निवृत्तिवेतन योजना आली तिच्या नावातच 'परिभाषित अंशदान' आहे, कारण कर्मचाऱ्याचा वाटा आणि शासनाचा वाटा अशा दोन अंशांवर ती उभी आहे. अनुदानात देणारा भागीदार होत नाही. तो पैसा देतो, बहुधा अटी घालतो आणि नंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मागतो. 'अनु' या उपसर्गाचा एक अर्थ 'मागून' असा आहे. शब्द त्यावरूनच घडला असे मी म्हणत नाही. पण ठिबकचा संच आधी स्वतःच्या पैशाने बसवून मग अनुदानाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला तो अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

गावाने घातलेल्या पैशाला अंशदान म्हणण्याची गरज नाही. त्यासाठी 'लोकवर्गणी' आणि 'हिस्सा' हे दोन चांगले शब्द आहेत. घरटी गोळा केलेली रक्कम ही लोकवर्गणी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून घातलेली रक्कम हा ग्रामपंचायतीचा हिस्सा. दोन्ही एका ओळीत मिसळू नयेत, कारण वर्गणी देणाऱ्या घराला आपली रक्कम त्या ओळीत ओळखता आली पाहिजे.

अटींचा मुद्दा आला म्हणून मराठवाड्यापुरती एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. निजामाच्या राज्यात राज्याने दिलेल्या इनामांना आणि देणग्यांना 'अतियात' असा सामूहिक शब्द होता. 'अतिया' म्हणजे देणगी, अतियात हे त्याचे अनेकवचन. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले, तरी तो शब्द गेला नाही. १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याच्या नावात तो आहे आणि इनाम जमिनींच्या प्रकरणांत आजही आपल्या कानांवर पडतो. त्या काळच्या इनामांत 'मदतमाश' आणि 'खिदमतमाश' असा भेद होता. माश म्हणजे उपजीविका. केवळ निर्वाहासाठी दिलेली जमीन मदतमाश, आणि देवस्थानाची किंवा दर्ग्याची सेवा करण्याच्या अटीवर दिलेली जमीन खिदमतमाश. आज ग्रामपंचायतीच्या दप्तरात पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचे 'बंधित' आणि 'अबंधित' असे जे दोन भाग दिसतात, त्यांतही भेद अटीचाच आहे : २०२१ पासूनच्या पाच वर्षांसाठी त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला, उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा. त्या जुन्या व्यवस्थेत कोणाला, किती, कशासाठी दिले याचा चौकशीअंती निघणारा कागदही होता. त्याला 'मुंतखब' म्हणत आणि इनामदार घराण्यांच्या लोखंडी पेटीत तो अजून जपून ठेवलेला सापडतो. पण तो पेटीतला कागद होता. ज्याची जमीन त्याच्याजवळ. चावडीवर लावण्याचा नव्हे.

आणखी एका शब्दाविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. अतिवृष्टीत पीक गेल्यावर मिळणाऱ्या रकमेला लोक 'नुकसानभरपाई' म्हणतात. शासन निर्णयात मात्र तिचे नाव 'निविष्टा अनुदान' असे असते. निविष्टा म्हणजे बियाणे, खत, औषध अशा पिकासाठी लागणाऱ्या गोष्टी. कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये हा २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठीचा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा दर गेलेल्या सोयाबीनची किंमत भरून काढण्यासाठी ठरलेला नाही. पुढच्या पेरणीला हात लागावा, एवढाच त्याचा हेतू आहे. फलकावर 'भरपाई' लिहिले तर जे दिलेले नाही ते दिल्यासारखे दिसेल, आणि नुसते 'निविष्टा अनुदान' लिहिले तर कोणाला काही कळणार नाही. 'पीक नुकसानीबद्दल अनुदान (बियाणे-खतासाठी)' असे लिहावे; ओळ थोडी लांब होईल, पण खरी होईल.

सोप्या भाषेचा आग्रह धरल्याबद्दल कोणी हरकत घेतली, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ दाखवावा. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतः होऊन प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी दिल्या आहेत, त्यांत अर्थसहाय्याच्या कार्यक्रमांखाली वाटलेल्या रकमा आणि ज्यांना लाभ मिळाला त्यांचा तपशील येतो. त्याच कलमात पुढे असेही आहे, की ही माहिती पोहोचवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे माध्यम विचारात घ्यावे. सूचनाफलकाचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. गावाच्या बोलण्यातला शब्द निवडणे ही कायद्यातून काढलेली सवलत नव्हे, ती कायद्याचीच अपेक्षा आहे.

तेव्हा माझी सूचना अशी : शीर्षक 'ग्रामपंचायतीला मिळालेली सरकारी अनुदाने आणि गावाचा हिस्सा : जाहीर हिशेब' असे ठेवावे आणि त्याखाली आर्थिक वर्ष लिहावे. इथे 'जाहीर' विशेषण आहे, त्यामुळे तो घोषणेकडे जात नाही, आणि 'हिशेब' या शब्दामुळे आलेले-गेलेले दोन्ही सांगणे भाग पडते. रकान्यांना 'कोणाकडून', 'कशासाठी', 'मंजूर', 'खात्यावर जमा (तारीख)', 'खर्च', 'शिल्लक' अशी नावे द्यावीत. मंजूर आणि जमा हे रकाने एकत्र करू नयेत. 'हिशेब' लिहावे की 'हिशोब', असाही प्रश्न रंगाऱ्यापुढे येईल. दोन्ही रूपे रूढ आहेत आणि आपल्याकडे बोलताना 'हिशोब'च अधिक ऐकू येते. कोणतेही घ्यावे, फक्त शीर्षकात एक आणि खाली दुसरे असे होऊ देऊ नये.