अमेरिकेतील बाउंटी हंटरला घराचे दार तोडून अटक करता येते का, आणि भारतात जामीनदाराला ते जमेल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतील बाउंटी हंटरला, म्हणजे जामिनावरून पळालेल्या आरोपीला पैसे घेऊन पकडून आणणाऱ्याला, वॉरंट नसताना घरात घुसता येते का, ही पहिली. आणि आपण ज्याला जामीन राहिलो तो आरोपी फरार झाला, तर त्याला आपणच धरून आणावे का, ही दुसरी. मी इथल्या न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. अमेरिकेचा कायदा मी वाचून जाणतो, तेवढे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

अमेरिकेत जामिनाची पूर्ण रक्कम भरणे परवडत नसेल, तर आरोपी बेल बॉण्डसमनला, म्हणजे पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या व्यावसायिकाला, साधारण १० टक्के शुल्क देतो, जे परत मिळत नाही, आणि पूर्ण रकमेची हमी बॉण्डसमन न्यायालयाला देतो. आरोपी तारखेला आला नाही की ती रक्कम बॉण्डसमनच्या गळ्यात पडते, म्हणून तो बाउंटी हंटर नेमतो. बाउंटी हंटरच्या या पकडण्याच्या अधिकाराचा सामान्य नागरिकाच्या अटकेच्या अधिकाराशी संबंध नाही. हा अधिकार जामीनदार आणि आरोपी यांच्यातील नात्यातून येतो, आणि पळून गेल्यास पकडून नेण्यास आरोपीने करारावर सही करतानाच संमती दिलेली असते.

या अधिकारासाठी आजही १८७२ सालच्या ‘टेलर विरुद्ध टेंटर’ या खटल्याचा दाखला दिला जातो. जामीनदाराला आरोपीला केव्हाही ताब्यात घेता येते, परराज्यात त्याचा पाठलाग करता येतो, रविवारच्या पवित्र दिवशीही पकडता येते आणि गरज पडल्यास त्याचे घर फोडून आत शिरता येते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. वास्तविक त्या खटल्यात दार फोडण्याचा प्रश्नच नव्हता. कनेटिकटमधून जामिनावर सुटलेला आरोपी न्यूयॉर्कला गेला, तिथून त्याला दुसऱ्याच गुन्ह्यासाठी मेन राज्याच्या हवाली करण्यात आले, तेव्हा जामीनदारांनी पैसे भरायचे की नाही एवढाच वाद होता, आणि ते हरले. ज्या निकालावर हा सारा व्यवसाय उभा आहे, त्यात जामीनदारांच्या पदरी दंडच पडला होता.

शिवाय निकालातील शब्द आरोपीच्या स्वतःच्या घराविषयी आहेत. तो मेहुण्याकडे लपला असेल, तर मेहुण्याने कुठल्याही करारावर सही केलेली नसते. पत्ता चुकून शेजाऱ्याचे दार फोडले, तर बाउंटी हंटरवर कोणाही घुसखोरासारखा खटला चालू शकतो. राज्यांनीही लगाम घातले आहेत. कॅलिफोर्नियात धरपकडीपूर्वीच्या सहा तासांत स्थानिक पोलिसांना कळवावे लागते आणि पोलिसांसारखा गणवेश घालता येत नाही. टेक्सासमध्ये रहिवाशांच्या संमतीशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. इलिनॉय, केंटकी, ऑरेगॉन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत तर पैसे घेऊन जामीन राहण्याचा धंदाच बंद आहे. देशाच्या सीमेपलीकडे हा अधिकार मुळीच चालत नाही. १९८१ साली फ्लोरिडातील एका खटल्यातील आरोपीला दोघांनी टोरांटोहून उचलून अमेरिकेत आणले, तेव्हा कॅनडाने त्यांच्यावर अपहरणाचा आरोप ठेवून त्यांचे प्रत्यार्पण मागितले आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्याच अपील न्यायालयाने त्याला हरकत घेतली नाही.

सामान्य नागरिकाच्या अटकेचे अधिकार याहून कितीतरी अरुंद आहेत आणि ते ताणले की काय होते, हे जॉर्जियात दिसले. फेब्रुवारी २०२० मध्ये अहमद आर्बरी या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा तिघांनी गाड्यांतून पाठलाग केला, त्यात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि बचावात १८६३ सालापासूनच्या नागरिक-अटकेच्या कायद्याकडे बोट दाखवण्यात आले. ज्युरीने तिघांनाही खुनासाठी दोषी ठरवले. त्याआधीच, मे २०२१ मध्ये, तो कायदा रद्द झाला होता.

आता आपला प्रश्न. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी व्यक्तीला दोनच प्रसंगी अटक करता येते: आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा घडला तर, किंवा समोरची व्यक्ती उद्घोषित अपराधी असेल तर. दोन्ही वेळी तिला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. तारखेला गैरहजर राहिल्याने कोणी आपोआप उद्घोषित अपराधी होत नाही. त्यासाठी कलम ८४ खाली आधी जाहीरनामा निघावा लागतो, हजर होण्यास किमान ३० दिवस द्यावे लागतात, आणि तशी घोषणाही दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांतच होते. ही घोषणा झालेली नसताना आपण त्याला गावाहून गाडीत घालून आणले, तर गैरनिरोध आणि गैरबंदिवासाचा गुन्हा आपल्यावरच दाखल होऊ शकतो, आणि मग जामिनासाठी आपल्यालाच धावाधाव करावी लागेल.

त्याचा ठावठिकाणा कळला असेल, तर तो पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी आणि कलम ४८९ खाली जामीनकीतून मुक्त होण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. त्यावर आरोपीविरुद्ध वॉरंट निघते. बंधपत्र आधीच जप्त झाले असेल, तर कलम ४९१ खाली दंडाचा काही भाग माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि ती मागणी करताना ही पोच जोडता येते.