ॲप्रेंटिसशिपनंतर डिप्लोमा की सीएनसी?

प्रश्न : मशिनिस्ट ट्रेडचा आयटीआय झाला. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिसशिपचं वर्ष संपत आलंय. घरचे म्हणतात डिप्लोमा कर, शॉपमधले म्हणतात सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग शीक. काय करू?
– एक वाचक, उजळाईवाडी

उत्तर : आधी ॲप्रेंटिसची परीक्षा देऊन एनएसी, म्हणजे राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, हातात घ्या. सरकारी उपक्रमांच्या भरतीत त्याची विचारणा होते. पुढे आयटीआयत शिकवायचं मनात आलं तर त्यासाठीच्या एक वर्षाच्या सीआयटीएस कोर्सलाही ते चालतं.

त्यानंतर आमच्या मते डिप्लोमाच करा, आणि याच वर्षी. मशिनिस्ट दोन वर्षांचा ट्रेड असल्यानं दहावी आणि आयटीआयवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सीएनसी पुढे नोकरी करतानाही शिकता येईल. सुटलेलं गणित दोन-तीन वर्षांनी पुन्हा हातात धरणं फार जड जातं.

थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं अडकतात ती इथेच. पहिल्या वर्षाचं गणित आणि अप्लाइड मेकॅनिक्स तुम्हाला कुणी शिकवणार नाही, पण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स (पदार्थ किती भार सोसतो) हा विषय त्यावरच उभा आहे. बीमच्या रिॲक्शन्स (आधारांवरची बलं) काढता आल्या नाहीत तर शिअर फोर्सचा आलेख चुकतो, मग बेंडिंग मोमेंटचाही. वर्ग सुरू होण्याआधी त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, साधं इंटिग्रेशन आणि फ्री बॉडी डायग्रॅम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) एवढं पक्कं करा. ड्रॉइंग वाचणं आणि मायक्रोमीटर-व्हर्नियर तुम्हाला येतंच. तिथे तुम्ही बारावीहून आलेल्या मुलांच्या पुढेच असाल.

प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच घ्या. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला ती अट आहे. राखीव जागेवर अर्ज असेल तर जात पडताळणीचं काम आजच सुरू करा, त्याला महिने लागतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तीही बघून ठेवा.

घरी पगाराची लगेच गरज असेल तर सीएनसी जरूर शिका. त्यात कमीपणा नाही. मात्र फी भरण्याआधी विचारा : व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) वर्क ऑफसेट, म्हणजे जॉबचा झीरो, आणि टूल लेंग्थ ऑफसेट, म्हणजे टूलच्या लांबीचं माप, स्वतः घ्यायला मिळेल का? नुसत्या संगणकावर जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) लिहून कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, काम जमत नाही. कास्टिंगचा कच्चा पृष्ठभाग प्रत्येक नगाला थोडा वेगळा येतो. झीरो कुठून धरायचा आणि फिक्श्चरवर (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनावर) जॉब कसा बसवायचा, हे मशीनपाशीच कळतं.

प्रश्न : माझा ट्रेड वेल्डर. मलाही दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल?
– एक वाचक, कागल

उत्तर : नाही. वेल्डर एक वर्षाचा ट्रेड आहे. डिप्लोमा करायचाच तर दहावीच्या गुणांवर पहिल्या वर्षापासून. हातातलं कौशल्यच वाढवायचं असेल तर टिग वेल्डिंगनं रूट पास (सांध्याचा पहिला, तळाचा थर) घेऊन पाइपवरच्या सिक्स-जी पोझिशनची (४५ अंशांत तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपवरच्या वेल्डिंगची) तयारी करा. ही पात्रता ठराविक प्रक्रियेपुरती आणि जाडीपुरतीच असते. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या नियमानुसार सहा महिने त्या प्रक्रियेनं वेल्डिंग केलं नाही तर ती संपते, म्हणून कामाच्या नोंदी जपून ठेवा.